पुरंदरच्या विमानतळात हिरवाई आतही हवी

महोदय,

पुरंदरच्या नियोजित विमानतळाची चर्चा भूसंपादन आणि धावपट्टीभोवतीच फिरते. तिथे प्रवाशाच्या जिवाला स्वस्थता मिळेल का, हेही आराखडा कागदावर असतानाच ठरते, म्हणून हे पत्र.

बंगळूरच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये बांबूचे छत आणि टांगत्या बागा आहेत; सिंगापूरच्या चांगी विमानतळावर २०१९ पासून झाडीतून ४० मीटरचा धबधबा कोसळतो. ही नुसती सजावट नव्हे. रॉजर उलरिच यांच्या १९८४ मधील अभ्यासात, खिडकीतून झाडे दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास रुग्णालयातला आहे, पण मुलांकडे परदेशी निघालेल्या, तपासणीच्या रांगेत धास्तावलेल्या आजी-आजोबांनाही हिरवाईचा आधार वाटेल, अशी माझी खात्री आहे.

धबधबा नको; पुरंदरला पाणी तसेही तुटपुंजे. पुण्याच्या वाड्यांसारखे मोकळे चौक ठेवावेत, त्यांत बहावा, करंज अशी इथलीच झाडे लावावीत. पक्ष्यांना ओढणारी फळझाडे मात्र टाळावी लागतील. आणि हे चौक बोर्डिंग गेटजवळच्या बाकांवरून दिसायला हवेत. सगळी झाडे पार्किंगमध्ये लावून उपयोग नाही.

– एक वाचक, विमाननगर, पुणे