‘बाटली नीट हलवून घ्यावी’, पण कशी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे घरी कसे रंगवावेत, हा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. अंगरख्याच्या चुण्या, मिशा, ढालीवरची फुलं, सगळं तब्येतीत सांगितलंय. रंगाचं मात्र ‘बाटली नीट हलवून घ्यावी’ एवढ्या चार शब्दांत उरकलंय. या चार शब्दांपायी माझी दोन वर्षं गेली, म्हणून हे पत्र.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी, लाकडी पॅटर्न (साचा घडवायचे नमुने) करण्यात माझी अडतीस वर्षं गेली. आता उरल्यासुरल्या सागवानी तुकड्यांतून बोटभर उंचीचे मावळे कोरतो आणि नातीच्या किल्ल्यासाठी रंगवतो. रंग ॲक्रिलिकचे, १७ मिलीच्या चिमुकल्या ड्रॉपर बाटल्यांतले. महिनाभर हात लागला नाही की वर दुधाळ पाणी आणि तळाला पेढा! त्यातही पांढरा सगळ्यांत हट्टी. त्यातली पूड टायटॅनियम डायऑक्साइडची, पाण्याच्या चौपट जड, ती बसणारच. काडी घालून ढवळावं, तर बाटलीचं तोंड मुंगी शिरेल एवढं. हलवून हलवून माझ्या अंगठ्याच्या सांध्याने संप पुकारला.

पहिला प्रयोग ड्रिल मशीनवर केला. बाटली चकमध्ये, म्हणजे ड्रिलच्या जबड्यात, बसेल असा लाकडी कप कातला आणि फिरवली गरगर. पेढा जागचा हलला नाही. बाटलीबरोबर आतला रंगही फिरतो आणि जड पूड उलट भिंतीला जाऊन चिकटते. रंगाला फेरा नको, हिसका हवा. हिसका देणारं यंत्र घरात होतंच, जिगसॉ, म्हणजे विजेवर चालणारी हातकरवत. त्याचं पातं वीसेक मिलिमीटर वरखाली होतं.

जुनं पातं घेतलं, ग्राइंडरवर दात घासून काढले आणि वरचा टी-आकाराचा दांडा तेवढा ठेवला. पात्याला दोन भोकं पाडून एक इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा एम-४ (चार मिलिमीटर जाडीच्या) स्क्रूंनी जोडला. आत सायकलच्या ट्यूबचं अस्तर. बाटली त्यात उभी बसते, वरून रबराचे दोन पट्टे. जिगसॉ उलटा ठेवायला लाकडी साचा केला, मोटरची हवेची भोकं मोकळी सोडून. जोडणी करताना प्लग काढलेला असावा, हे सांगायला नको, पण सांगतो. पेंडुलमची कळ शून्यावर ठेवावी, नाहीतर पातं पुढेमागेही झुलतं.

आता माझी फजिती. पहिल्या दिवशी साधे नट लावले आणि वेगाचं चाक थेट शेवटच्या आकड्यावर. सात-आठ सेकंदांत नट सैल झाले. पाइपाचा तुकडा, बाटली आणि पट्टे, सगळी वरात छताला. टोपण कुठे गेलं ते अजून सापडलेलं नाही. भगवा रंग होता, त्यामुळे सौ. म्हणाली, “बरं झालं, भिंतीवर गुढीच उभारली.” मुलाने मग कागदावर हिशेब करून दाखवला. मिनिटाला हजार ठोके असतील तर २५ ग्रॅमच्या बाटलीचा ओढा पाव किलोच्या आसपास. ठोके तीन हजार केले की तो अडीच किलो. वेग तिप्पट, तर ओढ नऊपट. तेव्हापासून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्याने सहसा सैल न होणारे) आणि चाक खालच्या आकड्यांतच. अर्धा मिनिट पुरतं. नंतर दहा मिनिटं बाटली उभी ठेवावी, म्हणजे बुडबुडे बसतात. थिनरवर चालणारे रंग उघडे असतील तिथे मात्र हे यंत्र चालवू नये. या मोटरींत कार्बन ब्रश असतात, आत ठिणग्या पडतच असतात.

एवढं करूनही पांढऱ्याचा पेढा अर्धामुर्धाच फुटायचा. उत्तर मिळालं नातीकडून. आईची नेलपॉलिशची बाटली कानाशी धरून ती म्हणाली, “आजोबा, यात काहीतरी वाजतंय.” आत पोलादी गोळ्या होत्या! रंगाच्या स्प्रेच्या डब्यातही असतात, हे मला ठाऊक होतं, पण डोक्यात आलं नव्हतं. लगेच सायकल दुकानातून छर्रे आणले आणि बाटल्यांत टाकले. काम झक्क झालं, पण महिनाभरात पांढरा चहाच्या रंगावर गेला. सायकलचे छर्रे पाण्यातल्या रंगात गंजतात, हे आयुष्यभर लोखंडाच्या शेजारी वावरलेल्या माणसाला सुचू नये! तीन मावळ्यांची पागोटी त्याच रंगात गेली. नातीला सांगितलं, मोहिमेवरून आलेत, धुळीने माखलेत. मग ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसच्या, पाच मिलिमीटरच्या गोळ्या आणल्या. टोपणाखालची ड्रॉपरची चोच नखाने उचकटून बाटलीत दोन-दोन टाकल्या. आता निम्म्या बाटल्यांना यंत्रही लागत नाही.

माझी तक्रार इथेच आहे. १७ मिलीच्या बाटलीला मी दोन-तीनशे रुपये मोजतो आणि आत गोळी नाही. वीस-तीस रुपयांच्या नेलपॉलिशमध्ये ती असते. घाऊक भावात एका गोळीला असा किती खर्च येणार? रंगवाल्यांनी ती घालूनच बाटली विकावी, किंवा निदान चोच काढता येते एवढं तरी लेबलवर छापावं. दोन बाटल्यांच्या चोची मी पकडीने तोडल्या, त्या याच अज्ञानातून. आणि आपल्या लेखकाने पुढच्या वेळी त्या चार शब्दांना दोन ओळी जास्त द्याव्यात, ही विनंती.

कुणाला गोळ्या टाकायच्या असतील, तर एक करा. टाकली की टोपणावर मार्करने ठिपका द्या. माझ्या हिरव्या बाटलीत सध्या सहा आहेत.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, कोल्हापूर