चार नंबरची पाटी

माथेरान

प्रिय सुध्या,

फराळाच्या डब्याची पोच दिली नाही म्हणून चिडला असशील. चिड. माझी साखर आहे तिथेच आहे, गुडघेही. पण काल झालं ते तुझ्याखेरीज सांगू कुणाला?

हॉटेल विकायचं घाटतंय. दादाला आणि ठाण्याच्या पोरांना हिस्सा हवाय, सही करायचा उरलो मी. ते सोड, त्यावर रडून झालंय. काल घेणारी पार्टी दस्तुरीवरून ई-रिक्षाने आली. बंब, रंगीत काचा, जेवणाची घंटा, व्हरांड्यातल्या आरामखुर्च्या, सगळं त्यांना जसंच्या तसं हवंय. मीसुद्धा! पगार देणार म्हणे, संध्याकाळी खुर्चीत बसून पाहुण्यांना जुन्या गोष्टी सांगायच्या. आणि चार नंबरच्या दारावर पितळी पाटी: 'लॉर्ड एल्फिन्स्टन येथे उतरले होते.'

अरे, ही थाप तुझी! सातवीच्या मे महिन्यात कापडवाल्या शेठना मारलेली. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट साहेब १८५० साली डोंगर चढला, गव्हर्नर एल्फिन्स्टनने इथे बंगला बांधला, इथवर ठीक. पण तो १८६० ला मुंबई सोडून गेला, आणि पीरभॉयांची छोटी रेल्वेगाडी नेरळहून वर आली १९०७ ला. पणजोबांनी खोल्या बांधल्या त्या त्यानंतर! पुढे आईनेच ती थाप चालवली. चार नंबर गळायची, आणि लॉर्डचं नाव काढलं की खाली ठेवलेल्या बादलीबद्दल कुणी बोलत नसे.

पाटी लावायचीच तर मागच्या पडवीला लावा. आत अंडं चालायचं नाही म्हणून पारशी पाहुण्यांसाठी आजीने तिथे वेगळी चूल मांडली, आणि आपण दोघं तिथेच बाटलो. नाहीतर जुलै २००५ ची लावा. रूळ वाहून गेले, पुढचा अख्खा उन्हाळा गाडीविना, खोल्या ओस. पैसे नकोत, चार माणसं घेऊन ये म्हटलं तर तू महाबळेश्वरला गेलास. मी विसरलेलो नाही.

आता मी करू काय? आई थाप मारायची ती तिला शोभायची. मी ती पगार घेऊन रोज मारायची? पार्टीला खरं सांगतो म्हटलं तर दादा फोनवर खेकसला, "गप्प बस, त्या लॉर्डमुळेच भाव चढलाय." म्हणजे हिस्सा तुझ्या थापेचा, आणि तोंड माझं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

लेकीचं ठरल्याचं वहिनींकडून कळलं, फार बरं वाटलं. मुलगा काय करतो ते सावकाश कळव. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का?

शुक्रवारी कर्जतला कागद आहेत. त्याआधी ये. पार्टीला खरं सांगायचं तर तूच सांग, नाहीतर त्या खुर्चीत तू बस, पगार अर्धा-अर्धा. उतरायला चार नंबर देतो. बादली पलंगाखाली आहे.

तुझा,
बाळ्या