ब्रिज मोड ग्राहकाला मागितल्याबरोबर मिळायला हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फायबरची जोडणी देताना ब्रॉडबँड कंपन्या जो डबा घरात लावून जातात, तो काढून आपला राउटर लावता येतो का, असे अनेक ग्राहक विचारतात. कॉल सेंटरवर बहुधा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर ग्राहकाचा हक्क असायला हवा, म्हणून हे सविस्तर पत्र.

त्या एका डब्यात दोन स्वतंत्र कामे कोंबलेली असतात. काचेच्या तंतूतून येणाऱ्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणे हे पहिले. ते करणाऱ्या भागाला ओएनटी म्हणतात. दुसरे काम राउटरचे: घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणे, वायफाय सोडणे, फायरवॉल सांभाळणे. जीपॉन या फायबरच्या प्रचलित पद्धतीत एका तंतूवरचा २.४८८ जीबीपीएसचा प्रवाह स्प्लिटरमधून साधारण ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो. उलट दिशेने पाठवताना प्रत्येक ओएनटीला ठरावीक क्षण नेमून दिलेला असतो. एखादा डबा अवेळी प्रकाश सोडू लागला, तर त्या तंतूवरच्या सगळ्या घरांचे नेट बिघडते. म्हणूनच कंपनीकडचे यंत्र नोंद असलेल्या ओएनटीलाच आत घेते. इथपर्यंत कंपनीचे म्हणणे रास्त आहे. राउटरच्या कामाला मात्र यातले एकही कारण लागू होत नाही. ते काम डब्याकडून काढून आपल्या राउटरला देण्याच्या सोयीला ब्रिज मोड म्हणतात.

मार्ग तीन आहेत आणि कोणता निवडायचा हे दुखणे काय आहे त्यावर ठरते. तक्रार फक्त आतल्या खोलीत रेंज नसल्याची असेल, तर ब्रिज मोडच्या वाटेला जाऊच नये. तंतू दारातून आत येतो म्हणून डबा दाराशीच लागतो. मग वाटेत लोखंडी कपाट, सिमेंटचा स्लॅब किंवा कोकणातल्या घरात जांभ्याची जाड भिंत आली की ५ गिगाहर्ट्झचा वायफाय तिथेच संपतो. अशा वेळी कॅट-६ नेटवर्क केबल घराच्या मध्यापर्यंत न्यावी आणि तिथे आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय पसरवण्यापुरता, लावावा. तो मोड नसेल तर आधी राउटरचा लॅन पत्ता, म्हणजे घरातल्या जाळ्यातला पत्ता, बदलावा. डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर राउटरला १९२.१६८.१.२ द्यावा, फक्त तो पत्ता डब्याच्या वाटपाच्या यादीत नाही एवढे पाहावे. मग राउटरचे डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे आणि केबल वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टात न घालता लॅन पोर्टात घालावी. क्रम उलटला, म्हणजे डीएचसीपी आधी बंद केले, तर राउटरचे पान उघडायला संगणकाला हाताने पत्ता देत बसावे लागते. डब्याचा वायफाय बंद करावा. चालू ठेवायचाच असेल तर २.४ गिगाहर्ट्झवर दोघांना १, ६ आणि ११ पैकी वेगवेगळे चॅनेल द्यावेत आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी.

नवा राउटर लावूनही वेग ९४-९५ एमबीपीएसच्या पुढे हलत नसेल, तर राउटरला दोष देण्याआधी केबल पाहावी. गिगाबिटला आठही तारा लागतात. केबलच्या टोकाच्या आरजे-४५ कनेक्टरमध्ये एक तार नीट दाबली गेली नसली तरी जोडणी मुकाट्याने १०० एमबीपीएसवर उतरू शकते. काही डब्यांना एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि बाकीचे १००चे, तेही तपासावे.

फायरवॉल, व्हीपीएन, मुलांच्या वापराची वेळ, बाहेरून पाहायचे कॅमेरे हे सगळे आपल्या राउटरच्या ताब्यात हवे असेल, तर खरा मार्ग ब्रिज मोडचा. यात डबा फक्त ओएनटी म्हणून उरतो आणि लॉग-इन आपला राउटर करतो. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉग-इन होणारी) जोडणी असेल तर सुरुवातीलाच युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेवरच्या वेगवेगळ्या सेवा ओळखण्याचा शिक्का) हाती घ्यावेत, डब्याच्या वॅन पानाचे फोटो काढावेत, जमल्यास सेटिंग्जची फाइल उतरवून घ्यावी. मग इंटरनेटची वॅन जोडणी ‘राउट’वरून ‘ब्रिज’वर न्यायची, व्हीलॅन तोच ठेवायचा, ती एका लॅन पोर्टाला बांधायची आणि राउटरचा वॅन पोर्ट तिथे जोडून त्यात पीपीपीओई भरायचे. लँडलाइन त्याच डब्यातून येत असेल तर आवाजाची वॅन जोडणी वेगळी असते. तिला हात लावू नये. ती पुसली गेली की फोन मुका होतो आणि तो पुन्हा सुरू करायची माहिती ग्राहकाकडे नसते.

बिघडते ते बहुधा चार जागी. व्हीलॅनचा शिक्का डबाही मारतो आणि राउटरही, किंवा दोघेही मारत नाहीत; दोन्ही वेळा काहीच चूक न दाखवता नेट नुसते गप्प राहते. शिक्का एकानेच मारायचा. दुसरे, पासवर्ड बरोबर असूनही लॉग-इन नाकारले जाते. जुने सत्र कंपनीच्या सर्व्हरवर अजून जिवंत असते आणि एका खात्याला एकच सत्र मिळते. दोन्ही यंत्रे १०-१५ मिनिटे बंद ठेवून मग सुरू करावीत. तिसरे, काही स्थानिक केबल ऑपरेटर खाते मॅक पत्त्याला, म्हणजे यंत्राच्या कायमच्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवतात. तिथे मॅक क्लोन करावा (जुन्या यंत्राचा क्रमांक नव्या राउटरला द्यावा) किंवा ऑपरेटरकडून नवा नोंदवून घ्यावा. चौथी अडचण सर्वांत फसवी: काही साइट झटक्यात उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात. माहितीच्या एका तुकड्याच्या १५०० बाइटपैकी पीपीपीओईचे ८ वजा जाता १४९२ उरतात, पण राउटरचा एमटीयू, म्हणजे तुकड्याची कमाल लांबी, १५०० वरच राहिलेला असतो. तो १४९२ करावा, आणि एमएसएसची (तुकड्यातल्या मूळ माहितीच्या मर्यादेची) सोय असेल तर आयपीव्ही४ साठी, म्हणजे नेटच्या जुन्या पत्तेपद्धतीसाठी, १४५२.

यातले काहीही करताना फायबरची वायर उपसू नये. हिरवा कनेक्टर तिरका घासलेला असतो आणि निळा सरळ, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चालत नाही. टोकाला धूळ लागली किंवा वायर करकचून वाकली तरी एलओएसचा, म्हणजे प्रकाश येत नसल्याचा, लाल दिवा लागू शकतो.

सगळ्या कंपन्या पीपीपीओई वापरत नाहीत. जिथे ओळख डब्यालाच बांधलेली असते, तिथे ब्रिज मोड कंपनीलाच करून द्यावा लागतो. ती देत नसेल तर उरतो तिसरा मार्ग: डब्यामागे राउटर, म्हणजे दुहेरी नॅट (आतल्या पत्त्यांचे बाहेरच्या पत्त्यात दोनदा भाषांतर). यात एक पथ्य न चुकता पाळावे. आतले जाळे डब्याच्या जाळ्याहून वेगळे हवे, उदाहरणार्थ १९२.१६८.५०.१. दोन्हीकडे १९२.१६८.१ राहिले तर राउटरला आत कुठले आणि बाहेर कुठले हेच कळत नाही. डब्यात राउटरचा पत्ता राखीव करून त्यालाच डीएमझेड द्यावा, म्हणजे बाहेरून येणारे सगळे थेट त्याच्याकडे जाईल. बातम्या, व्हिडिओ, व्हॉट्सॲप, बँक यांना काही फरक पडत नाही. अडतात ते काही ऑनलाइन खेळ, बाहेरून पाहायचे कॅमेरे आणि आयपीव्ही६ ही नवी पत्तेपद्धत, कारण तिच्यात डब्याला बऱ्याचदा एकच /६४, म्हणजे पत्त्यांचा एकच गट, मिळतो आणि आतल्या राउटरला द्यायला काही उरत नाही.

कॅमेऱ्यासाठी पैसे घालण्याआधी वॅनचा पत्ता जरूर पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे. तिथे ब्रिज मोड मिळाला तरी आयपीव्ही४ वर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी आतल्या यंत्राकडे वळवणे) चालणार नाही. स्थिर आयपी विकत घेणे किंवा उत्पादकाच्या क्लाउडमधून कॅमेरा पाहणे, एवढेच सोपे पर्याय उरतात. आणि भारनियमनाच्या भागात ध्यानात ठेवावे की आता बॅकअप दोन यंत्रांना लागेल. मिनी यूपीएसचे व्होल्ट ॲडॅप्टरवर छापले आहेत तेवढेच हवेत, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो.

इतके सगळे करूनही एका रात्रीत ते पुसले जाऊ शकते. कंपनी टीआर-०६९ या दूरनियंत्रणाच्या सोयीतून डब्यावर दुरून अपडेट टाकते आणि कधी कधी त्यात ब्रिज मोड उडून जातो. आपल्या राउटरच्या वॅनवर अचानक १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसू लागला की हेच घडले असे समजावे. म्हणून ब्रिज मोड तंत्रज्ञाच्या मर्जीवर न राहता कंपनीच्या सर्व्हरवर त्या ग्राहकाच्या नावापुढे नोंदलेला असायला हवा.

युरोपीय महासंघाच्या २०१५ च्या नियमाने आपल्या पसंतीचे यंत्र वापरण्याचा हक्क ग्राहकाला दिला. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेला कायदा त्याहून नेमका आहे: जोडणीसाठी लागणारी माहिती कंपनीने करार करतानाच, ग्राहकाने न मागता आणि विनामूल्य, लेखी द्यायची. आपल्याकडे ओएनटी कंपनीचाच राहिला तरी चालेल. पण युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक, पत्ता सार्वजनिक आहे की सामायिक, आणि ब्रिज मोड मिळतो की नाही, या पाच गोष्टी जोडणीच्या अर्जावर छापून द्यायला कंपन्यांना काय अडचण आहे? दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने याची सक्ती करावी. तोवर ग्राहकांनी ब्रिज मोडची मागणी ॲप किंवा ईमेलवरून लेखी करावी, नकारही लेखी मागावा आणि डॉकेट (तक्रारीचा) क्रमांक जपून ठेवावा. ‘ट्राय’च्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि तिथे हा क्रमांक लागतो.

आपला,
एक वाचक, नाशिक