कॉर्न डिपला पाणी का सुटतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मेक्सिकन कॉर्न डिपची कृती वाचली. जिन्नस ठीक आहेत, पण दाणे कुकरला उकडून गरमागरमच दह्यात ओतायला आणि वर लगेच लिंबू पिळायला सांगितलं आहे. असं केलं की अर्ध्या तासात वाडग्याच्या तळाला पाणी आणि वर चोथा. म्हणून हे पत्र.

मेक्सिकोत रस्त्यावर अख्खं कणीस मिळतं ते ‘एलोते’, पेल्यात दाणे मिळतात ते ‘एस्कितेस’. डिप त्यावरूनच बेतलेलं. तिकडचं कणीस आपल्या गावरान मक्यासारखं पिठूळ नि कमी गोड असतं. स्वीट कॉर्न घेतलंत तर तिखट-लिंबू सढळ हाताने घाला, नाहीतर चव शिऱ्याकडे झुकते.

चार-पाच जणांना तीन मध्यम कणसं, म्हणजे साधारण अडीच वाट्या दाणे पुरतात. दाणे कापून काढताना सुरी खोल घालू नका, बुरकुंडाचा, म्हणजे मधल्या दांड्याचा, कोंडा दाताखाली येतो. आता खरी मेख भाजण्यात आहे. लोखंडी तवा धुरावेपर्यंत तापवा, चमचाभर तेल सोडा, निम्मेच दाणे पसरा आणि दोन मिनिटं उलथनं बाजूला ठेवा. सगळे एकदम घातले किंवा सारखे हलवले की ते स्वतःच्याच वाफेत शिजतात, डाग पडत नाहीत. दाणे तडतडून उडतात, वर जाळी धरा. खमंग तपकिरी ठिपके आले की उतरवा. काळे झाले तर कडू लागतात. फ्रोजन दाणे असतील तर आधी फडक्यावर अर्धा तास कोरडे करा. भाजलेले दाणे ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम दाण्यांनी चक्का फुटतो, मेयोनीजचं तेल सुटतं.

तिकडच्या ‘क्रेमा’ या आंबूस सायीच्या जागी आपला चक्का चालतो. अर्धा किलो घट्ट दह्याचा वाटीभर निघतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात दही बाहेर टांगलं तर आंबून जातं. चाळणीत फडकं घालून फ्रीजमध्येच रात्रभर निथळू द्या. त्यात दोन मोठे चमचे मेयोनीज फेटा. कोतिखा हे तिकडचं खारट, भुसभुशीत चीज इथे सहसा मिळत नाही. पाऊण वाटी पनीर कुस्करा, अर्धा चमचा मीठ चोळा, पंधरा मिनिटांनी घट्ट पिळा. प्रोसेस्ड चीज किसून घालता येतं, पण त्याने डिप चिकट होतं.

पाव भाग दाणे मिक्सरला एकदाच फिरवा, त्याने डिप मिळून येतं. मग सगळं एकत्र करा, त्यात चमचाभर ब्याडगी तिखट आणि मूठभर कोथिंबीर. लिंबाचा रस दीड चमचा, तोही वाढायच्या क्षणी. मीठ चाखूनच, पनीरमध्ये आहेच. जिरेपूड नको, मग ती कोशिंबीर होते.

सोबत चिप्सच हवेत असं नाही, घरात कडक भाकरी असतेच की! मऊ पडली असेल तर तव्यावर शेकून घ्या आणि दोन बोटं रुंद तुकडे करा. मोठा तुकडा डिपच्या वजनाने मोडतो. वरून चमचाभर शेंगाचटणी भुरभुरा, आत कालवू नका, लसूण सगळ्यावर चढतो. हा मेळ विजोड वाटेल, पण शेंगदाणे आणि सुक्या मिरच्या तेलात घालून केलेली ‘साल्सा माचा’ मेक्सिकोत व्हेराक्रूझकडे खातातच. शिवाय मका, मिरची, भुईमूग तिन्ही पिकं मुळात अमेरिका खंडातलीच.

मे महिन्यात हे वाडगं तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. उरलं तर फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी वर आलेलं पाणी ढवळून न टाकता ओतून द्या.

— एक वाचक, सोलापूर