पूर्ण मिनिट मोज

नागपूर

प्रिय बाबू,
अनेक आशीर्वाद.

नर्सिंगच्या प्रबंधासाठी तू पाठवलेला विषय वाचला. 'निवडक रुग्णालयांतील परिचारिकांच्या शय्याव्रण प्रतिबंधाविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता.' गाईड मॅडम हो म्हणतील आणि सिनॉप्सिसही (प्रबंधाचा आराखडा) अडणार नाही, हे मला माहीत आहे. तरीही तू हा विषय घेऊ नये असं मला वाटतं. का, ते फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

या विषयात तू काय करशील ते बघ. तीस प्रश्नांची प्रश्नावली काढशील. साठ सिस्टर घेशील, प्रीटेस्ट करशील, पाऊण तास शिकवशील आणि सात दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा देशील. मार्क वाढतील. ज्यांना आठवड्यापूर्वी उत्तरं सांगितली त्यांचे मार्क वाढणारच. टी-टेस्ट ही आकडेवारीची चाचणी लावशील, कार्यक्रम परिणामकारक ठरेल, प्रबंध बांधून लायब्ररीत जाईल. पण पडून पडून ज्या माणसाच्या माकडहाडावरची कातडी सोलवटते आहे, म्हणजे ज्याला शय्याव्रण होतं आहे, त्याच्या खाटेपर्यंत तू एकदाही गेलेला नसशील. दर दोन तासांनी कूस बदलायची हे कोणत्या सिस्टरला माहीत नसतं? सगळ्यांना माहीत असतं. रुग्णाला हात लावण्याआधी हात धुवायचे, हेही फर्स्ट इयरपासून पाठ असतं. अडतं ते माहिती आणि हात यांच्या मधल्या जागेत, आणि तुझी प्रश्नावली त्या जागेत शिरतच नाही.

शिकवण्याचा अभ्यास वाईट असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियातल्या सँडी मिडलटन या परिचारिका-संशोधक. त्यांनी १९ स्ट्रोक युनिट घेतले. पक्षाघाताच्या रुग्णाच्या पहिल्या ७२ तासांत सिस्टरांनी तीनच गोष्टी काटेकोर पाळायच्या: ताप, साखर आणि गिळणं. ताप ठरलेल्या वेळी बघायचा आणि लगेच उतरवायचा, साखर चढू द्यायची नाही, आणि गिळता येतं की नाही ते तपासल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. त्यांनीही सिस्टरांना शिकवलंच. पण मोजलं काय? ९० दिवसांनी रुग्णाचं काय झालं ते. जिथे हे शिकवलं नव्हतं तिथे मृत्यू किंवा परावलंबन ५८ टक्के, जिथे शिकवलं तिथे ४२ टक्के. हे २०११ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. तुझ्या-माझ्यासारख्यांच्या हातातलं काम. ते वाचताना मला जो अभिमान वाटला, तसा अभिमान तुझ्या प्रबंधाचं पान उलटताना एखाद्या सिस्टरला वाटावा एवढीच माझी इच्छा आहे.

आता मला सुचलेला प्रश्न सांगते.

ताप, नाडी आणि श्वास लिहायचा टीपीआर चार्ट आठव. तापाचा आकडा वरखाली जातो, नाडीचाही. आणि श्वास? मिनिटाला वीस. या खाटेचा वीस, त्या खाटेचा वीस, सकाळ-दुपार-रात्र वीस, फार तर कुठे अठरा. न्यूमोनियाचा रुग्ण असो की हर्नियाचा. हे आपल्याच मुलखात होतं असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात २००८ सालीच श्वसनगतीला दुर्लक्षित राहिलेली खूण म्हटलं आहे. माणूस बिघडायला लागला की बहुतेक वेळा आधी श्वास वाढतो. ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन ९६ टक्के दिसत राहतं आणि सगळे निर्धास्त असतात, आणि तो बिचारा मिनिटाला तीस श्वास घेऊन तो ९६ टिकवत असतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये धोक्याची आगाऊ सूचना देणारी गुणपद्धत आणली. त्यात श्वास २५ किंवा त्याहून जास्त असेल तर त्या एकट्याचेच तीन गुण, म्हणजे डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं. पण चार्टवर वीस लिहिलेलं असेल तर शून्य गुण, आणि कोणी येत नाही.

आपल्या विदर्भात तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पोरं अंगदुखीने भरती होतात आणि दोन-तीन दिवसांत छाती धरते. त्यांची चाहूल श्वासातच लागते. 'कसं वाटते रे?' विचारलं की 'ठीक आहे' म्हणतात, पण ते दोन शब्दसुद्धा एका श्वासात होत नाहीत. मी नवीन असताना आमच्या मेट्रन बाई सांगायच्या, रुग्णाला बोलतं कर आणि वाक्य पुरं होतं का ते बघ.

आता हा वीस का लिहिला जातो ते समजून घे, नाहीतर तुझ्याकडून सिस्टरांवर अन्याय होईल. नाडी मशीन सांगतं, ताप थर्मामीटर सांगतो. श्वासासाठी मात्र माणसाला पूर्ण मिनिट उभं राहावं लागतं. तेही रुग्णाला न कळू देता, कारण कळलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी धरल्यासारखं मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची. वॉर्डात साठ रुग्ण असले तर नुसते श्वास मोजायला एक तास लागतो. एका पाळीत एकदाच मोजायचं म्हटलं तरी. इंजेक्शनं, सलाईन, ड्रेसिंग, नवीन ॲडमिशन, राऊंड, इंडेंट हे सगळं त्या तासाच्या बाहेर. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असं आहे. मी ज्या वॉर्डांत रात्री काढल्या तिथे ते प्रमाण कागदावरच राहिलं. अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं तपासून २००२ सालीच दाखवून दिलं की एका परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की ऑपरेशननंतर ३० दिवसांत मरण पावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. युरोपातल्या नऊ देशांतही तोच ७ चा आकडा आला. मला वाटतं, तो वीसचा आकडा म्हणजे त्या ७ टक्क्यांची आपल्याकडची सही आहे.

तेव्हा 'सिस्टर श्वास मोजतात का' हा प्रश्न घेऊ नकोस. त्याचं उत्तर माहीत आहे, आणि त्यातून फक्त मेमो निघतील. प्रश्न असा घे: सिस्टरकडे दहाच मिनिटं असतील तर वॉर्डातल्या कोणत्या दहा रुग्णांचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा? कसे निवडायचे? नुकतं ऑपरेशन झालेले, ऑक्सिजनवरचे, आजच भरती झालेले की ज्यांच्याबद्दल सिस्टरच्या मनात पाल चुकचुकते आहे ते? हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नकोस. नेदरलँड्समध्ये परिचारिकांनी यावरच काम केलं आहे. 'मला या रुग्णाची काळजी वाटते' असं सिस्टर म्हणते तेव्हा तिने नेमकं काय पाहिलेलं असतं, त्याची लक्षणं त्यांनी वेगळी काढली. श्वासातला बदल त्यात आहे, रुग्ण स्वतः 'बरं वाटत नाही' म्हणतो ते आहे, आणि कारण सांगता येत नाही पण काहीतरी ठीक नाही, हेही आहे. आपल्या वॉर्डातली जुनी सिस्टर हेच करते, फक्त तिचं कोणी लिहून घेत नाही. तू लिहून घे.

एक गोष्ट आधीच ठरव आणि एथिक्स कमिटीच्या अर्जातही लिही. तुझ्या मोजणीत कोणाचा श्वास तीस निघाला तर 'मी निरीक्षक आहे' म्हणून गप्प बसायचं नाही. त्याच क्षणी सिस्टरला सांगायचं. तुझा डेटा बिघडला तर बिघडू दे. दुसरं, तू घड्याळ घेऊन उभा दिसलास की सगळ्या बरोबर मोजायला लागतील, म्हणून पहिल्या काही दिवसांचे आकडे वेगळे ठेव. कोणत्याही सिस्टरचं नाव कागदावर येऊ देऊ नकोस. आणि तू ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक आहेस, बायकांच्या वॉर्डात छातीवर नजर ठेवून उभं राहायचं तर सोबत सिस्टर हवी आणि त्या बाईला आधी सगळं समजावून सांगायला हवं. म्हणजे तिला मोजणी कळणार. मग नेमका केव्हा मोजणार ते तिला सांगू नकोस, एवढंच करता येईल. यावर तुझ्या गाईडशी बोल.

कोणी म्हणालं की हे आपल्याकडे जमणार नाही, तर त्याला गडचिरोलीचं सांग. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे बाळांचा न्यूमोनिया ओळखायला श्वासच मोजायला लावला. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास म्हणजे धोका, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास. पण गावातल्या सुइणींना तेवढं मोजता येत नव्हतं. म्हणून त्यांच्यासाठी मणी सरकवायचं आणि एक मिनिटाची वाळूची घडी असलेलं साधं यंत्र केलं, आणि त्या मोजू लागल्या. पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली. ती ३९ गावांत, आणि तुलनेला ४७ गावं. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेला निष्कर्ष होता की नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटला. आपल्या नागपूरहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं संशोधन आहे हे, जगभर नेलं गेलेलं. आणि आमच्या नर्सिंग कॉलेजांत अजूनही उदाहरण म्हणून परदेशातलीच नावं लिहून दिली जातात याचं मला फार वाईट वाटतं.

संशोधनाचं उत्तर 'नाही' आलं तरी घाबरू नकोस. आपल्याकडे अर्धी शुश्रूषा नातेवाईक करतात. खाटेखाली चटई टाकून झोपलेली बायकोच रात्री त्याला कुशीवर वळवते. म्हणून सगळ्यांना वाटायचं, पक्षाघाताच्या रुग्णाच्या घरच्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं की तो लवकर हिंडू-फिरू लागेल. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर हे करून बघितलं. सहा महिन्यांनी शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबन सारखंच, ४७ टक्के. २०१७ साली त्यांनी हे जसंच्या तसं छापलं. मला तो अभ्यास फार मोलाचा वाटतो. घरच्यांवर सगळं टाकून मोकळं होता येत नाही, हे त्यामुळे कोणालातरी म्हणता आलं.

आणि शय्याव्रण तुला सोडवतच नसेल, तर निदान कातडी बघ. ब्रॅडन आणि बर्गस्ट्रॉम या दोन परिचारिकांनी १९८७ मध्ये दिलेलं शय्याव्रणाच्या धोक्याचं मापन तुला पाठ आहे: ६ ते २३ गुण, १८ किंवा खाली आले की सावध. पण पहिली पायरी ओळखायला शिकवताना पुस्तकात दाबल्यावर न जाणारी लाली दाखवतात. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही कित्येकदा. तिथे हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघावं लागतं, जागा गरम लागते, टणक किंवा लिबलिबीत लागते. त्यात आपला मे महिना, रेक्झिनची गादी आणि घामाने चिंब पाठ. सावळ्या पाठीवर सुरुवात कशी पकडायची, हा एक चांगला प्रबंध होऊ शकतो. पण मला विचारशील तर श्वासाचाच घे.

शिकवणाऱ्यांबद्दल थोडं लिहायचं होतं. आपल्याकडे ट्यूटर वर्गात आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, वॉर्डात, दोघींची गाठ परीक्षेलाच पडते. तुझं काम झालं की निष्कर्ष आधी त्याच वॉर्डातल्या सिस्टरांना, पाळी बदलताना हँडओव्हरच्या वेळी, दहा मिनिटांत मराठीत सांग. परिषदेतलं पोस्टर नंतर. त्यांनी तुला त्यांचा वेळ दिलेला असेल.

शेवटी एकच अट आहे, आणि ती आई म्हणून नाही, सिस्टर म्हणून आहे. एकही फॉर्म हॉस्टेलवर बसून भरायचा नाही. सॅम्पल कमी पडलं तर कमी पडलं म्हणून लिही, मुदत वाढवून माग, सहा महिने उशीर होऊ दे. फीचं बाबा बघतील, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे.

डेटा नागपुरातच घ्यायचा म्हणतोस ते बरंच आहे. छिंदवाडा-बालाघाटपासून गडचिरोलीपर्यंतची माणसं इथे येतात, तुला हिंदी येतेच, थोडी गोंडी बोलणारा कोणी सोबत घे, म्हणजे संमतीचा कागद नुसता अंगठ्यापुरता राहणार नाही. माझ्या ओळखीच्या दोन परिसेविका अजून नोकरीत आहेत, त्यांना मी विचारून ठेवते. तू आधी तुझ्या गाईडना हा प्रश्न सांग आणि त्या काय म्हणतात ते रविवारच्या आत कळव. सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा मोठ्या अक्षरात पाठव, फोनवर बारीक वाचवत नाही.

तुझी,
आई