रिठा असताना प्रयोगशाळा कशाला?

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, रिठा-शिकेकाई असताना धुण्याच्या पावडरीसाठी प्रयोगशाळा कशाला? तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

तेलकट मळ नुसत्या पाण्यानं निघत नाही. एका टोकानं पाणी आणि दुसऱ्यानं तेल धरणारा रेणू लागतो, तो म्हणजे सर्फॅक्टंट. आपल्या पावडरीतला बहुतेक खनिज तेलापासून बनतो. रिठ्यात तो आयता असतो, पण रिठ्याला फळ धरायलाच कित्येक वर्षं जातात. सगळ्या मुलखाचं धुणं त्यावर कसं भागणार? शिवाय रिठ्याच्या पाण्यानं मासे गुंगवून धरत. झाडाचं आहे म्हणून निर्धोक, असं मी मानत नाही. वेदगंगेत शेवटी काय उतरणार, हे तपासायलाच हवं.

मी ज्यावर काम करते ते यीस्ट मुळात मधात सापडलेलं. साखर आणि वनस्पती तेल दिलं की ते सोफोरोलिपिड नावाचा सर्फॅक्टंट बनवतं. ढवळणं थांबवलं की तळाशी तांबूस, दाट थर बसतो. तो बघताना मला अजून भरून येतं. फेस मात्र बेताचाच. आई, फेसाशिवाय तुला धुतल्यासारखं वाटत नाही, ठाऊक आहे. पण मळ फेसानं निघत नाही गं.

खरी अडचण खर्चाची. साखर वापरली तर परवडत नाही, आणि ऊस किती पाणी पितो ते बाबांना मी काय सांगू! म्हणून कारखान्याची मळी वापरायची. तळणीचं उरलेलं तेलही या यीस्टला चालतं. पामतेलाच्या मागे लागायला नको, त्यापायी इंडोनेशियात जंगलं गेली. पण मळीला आता इथेनॉलचं गिऱ्हाईक आहे, तेव्हा तीही स्वस्त राहील असं नाही.

बाबा, तुम्हाला वाटतं मी कंपनीतली पक्की नोकरी धरावी. पण ही कामं वेळ घेतात. साखरेला अल्कोहोल जोडायची रीत एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८९३ साली दाखवली. तिच्यावरचे सर्फॅक्टंट कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनू लागले ते १९९० नंतर. मला आणखी थोडी वर्षं इथेच काढू द्या.

आणि निपाणीकडच्या कारखान्यावर बिलासाठी गेलात, तर यंदा मळी काय भावानं जाते तेवढं विचारून ठेवा.

तुमची,
माई