काकू, तुमची रिकामी वाटी

तीर्थस्वरूप काकूंना,
सप्रेम जयभीम.

तुमच्यासमोर उभं राहून हे बोलायला गेले की तुम्ही हात झटकता. "आभार कसले मानतीस गं, उठ, चहा टाक," म्हणता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून लिहितेय. परवा आमचं सामान टेम्पोत जाईल. लेक तिच्या हॉस्टेलवर पोचली, तिच्यासाठी घेतलेली ही खोली आता रिकामी करायची आणि मी देवणीकडं, आपल्या गावाला परत. दोन वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आपण. जाण्याआधी एक गोष्ट मला चारचौघांत सांगायची आहे.

लातूरला आम्ही का आलो हे लातूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. अकरावी-बारावी आणि मेडिकलच्या 'नीट' परीक्षेसाठी सगळ्या मराठवाड्यातून लेकरं इथं येतात. कुणी मेसवर जेवतं, कुणाची आई सोबत येऊन खोली करून राहते. मी दुसऱ्यातली. नवरा एसटीत, त्यांची ड्युटी सुटेना. मी शिलाई मशीन आणि एक गॅस घेऊन लेकीसोबत आले.

तुमच्या शेजारी येण्याआधी चार महिने आम्ही दुसऱ्या एका घरात वरच्या मजल्यावर होतो, हे तुम्हाला माहीत आहे. तिथं काय झालं ते मात्र मी तुम्हाला कधी धड सांगितलं नाही. आज सांगते.

त्या घरच्या बाईंनी तिसऱ्याच दिवशी पुरणपोळी पाठवली होती. नागपंचमी होती. मला फार बरं वाटलं. परक्या गावात कुणी ताटाची आठवण ठेवली की जीव थाऱ्यावर येतो. दोन दिवसांनी त्यांचा मुलगा ट्यूब बसवायला वर आला, तेव्हा भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर त्यानं पाहिली. काही बोलला नाही. त्या संध्याकाळी मी येसराची आमटी केली होती. येसर आईच्या हातचा, गावाकडून आणलेला, धान्य भाजून मसाल्यासोबत दळलेला. आपल्याकडं लग्नाच्या पंगतीत आमटी होते ना, तशी, तर्रीदार. त्यांचं भांडं रिकामं कसं द्यायचं, म्हणून त्यात आमटी भरून मीच खाली देऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या क्लासला निघालेली लेक गेटापाशी थांबली. आमटी गेटाबाहेर कुत्र्यापुढं ओतलेली होती. तिनं मला सांगितलं नाही. दुपारी त्या बाई जिन्यात भेटल्या आणि हसून म्हणाल्या, "आमटी फार छान झाली होती हो." लेक माझ्या शेजारी उभी होती. ती माझ्याकडं पाहत राहिली आणि वर आल्यावर तिनं सगळं सांगितलं.

काकू, आमटी ओतून दिली याचं मी एकवेळ गिळलं असतं. अशा गोष्टी आमच्या आईनं आणि आजीनं याच्याहून वाईट पाहिल्यात. आजी सांगायची, कामावर गेलं की भाकरी वरून पदरात पडायची, हाताला हात लागू नये म्हणून. पण "छान झाली होती" हे सोळा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर म्हणायचं, हे मला आजही कळत नाही. त्या दिवसापासून लेकीनं मला बजावलं, "आई, कुणाला काही देऊ नको. कुणाचं काही घेऊ नको." जेवण निम्म्यावर आलं तिचं. रात्री पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडं तोंड करून पडायची. एकदा म्हणाली, "मी डॉक्टर झाले तर ह्या बाई माझ्याकडून गोळी घेतील का?" मला उत्तर सुचलं नाही.

दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं, तेही आलंच. आमचं मात्र गेलं नाही. मग पाहुणे येणार आहेत, खोली लागणार आहे, असं झालं. कसं झालं ते राहू दे. आम्ही तुमच्या शेजारी आलो.

तुमचं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं. माझं तुम्ही विचारलं नाही. इथले लोक आधी गाव विचारतात, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारतात, आणि तेवढ्यावरही समजलं नाही तर आडनाव. तुम्ही पहिल्या दिवशी एवढंच विचारलंत, "लेकरू जेवलं का?" तरी मी दार लोटून घेतलं होतं, काकू. पंधरा दिवस मी तुमच्याशी नीट बोलले नाही. तुमच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधण्यात माझे ते पंधरा दिवस गेले. त्याबद्दल मला माफ करा.

आणि मग ती संध्याकाळ. पौष महिना, थंडी चांगलीच होती. गावाकडून हुलग्याचं पीठ आलं होतं म्हणून मी शेंगोळे करायला घेतले. लसूण, जिरं, हिरवी मिरची ठेचून पिठात घातली, घट्ट मळलं, तळहाताला तेल लावून एकेक वळत बसले. लेकीला लहानपणापासून आवडतात. वाटलं, निदान आज तरी पोटभर खाईल. करडीच्या तेलात लसणाची फोडणी बसली, पाण्याला उकळी आली, शेंगोळे सोडले आणि हुलग्याचा तो वास सगळ्या पॅसेजमध्ये पसरला. मी लगबगीनं उठून खिडकी लावली, दार लावलं. आपल्या स्वयंपाकाचा वास बाहेर जाऊ नये असं वाटणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल.

कडी वाजली. मी घाबरलेच. दार उघडलं तर तुम्ही. अंगावर शाल, हातात स्टीलची वाटी, आणि वाटी रिकामी.

"काय करलालीस गं? वासानं माझं ध्यानच लागंना. शेंगोळे हायत ना? दे की वाटीभर."

मला काही बोलता येईना. तुम्ही मला बाजूला सारून आत आलात आणि गॅसपाशी फरशीवर बसलात. मी पाट शोधत होते तोवर तुम्ही पातेल्यात डोकावून म्हणालात, "रस्सा अजून दाट हुईल, पर मला असाच पातळ आवडतो." मी वाटी भरली. मला वाटलं घरी नेतील. आणि घरी नेल्यावर काय होतं ते मला माहीत होतं. तुम्ही नेली नाही. तिथंच, माझ्या गॅसपाशी फरशीवर बसून, बोटं पोळत असताना फुंकर घालून खाल्लंत. लेक पुस्तकातून डोकं वर काढून बघत होती. तिचं सगळं लक्ष तुमच्या हाताकडं होतं. पहिला घास तोंडात गेला, दुसरा गेला, मग तुम्ही वाटी तोंडाला लावून रस्सा प्यायलात आणि तीच वाटी परत माझ्यापुढं धरलीत.

"आणखी घाल. आन् तू गं पोरी, तिकडं काय बघत बसलीस? ये इकडं, निवलं की मजा न्हाई."

लेक उठून आली. तुमच्या शेजारी बसली. त्या रात्री तिनं तीन वेळा मागून घेतलं. तुम्ही गेल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

भरलेली वाटी घेऊन येणारे खूप भेटतात, काकू. देणाऱ्याचा हात वर असतो, त्याला देताना काही सोडावं लागत नाही. आम्हाला पोळी मिळाली होती, फराळ मिळाला होता. आमच्या घरचं मागायला कुणी आलं नव्हतं. लहानपणी गावात सप्ताह बसायचा, तेव्हा कीर्तनात पैठणच्या नाथमहाराजांची गोष्ट मी लांबून ऐकायची. श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी भुकेल्या अस्पृश्यांना वाढला, ही गोष्ट सगळे बुवा रंगवून सांगत. राण्या महाराच्या घरी नाथ स्वतः जेवायला गेले, ही दुसरी गोष्ट कमी वेळा यायची आणि लवकर उरकायची. मला मात्र तीच लक्षात राहिली होती. त्या रात्री ती पुन्हा आठवली. चारशे वर्षांपूर्वी नाथांच्या गावानं त्यांना कशाबद्दल छळलं असेल, वाढल्याबद्दल की जेवल्याबद्दल, हा विचार मी त्यानंतर पुष्कळदा केला.

पुढं ते रोजचंच झालं. सात वाजले की भिंतीवर टकटक, "आज काय?" तुमच्याकडं शेपूची भाजी असली की ती इकडं, आमच्याकडं पिठलं असलं की तिकडं. भाकरी तुमच्या पातळ, माझ्या जाड, त्यावरून वाद. पोरीची परीक्षा जवळ आली तसं तिला रात्री उशिरा भूक लागायची, तर तुम्ही धपाटे करून फडक्यात बांधून ठेवायचात. हे सगळं मोठंच आहे. पण हे सगळं त्या रिकाम्या वाटीनंतरचं आहे.

एकदा मी विचारलंच तुम्हाला, तुम्ही अशा कशा? तुम्ही भाकरी थापत होतात. परातीवरून नजरसुद्धा उचलली नाही. किल्लारीच्या बाजूला तुमचं माहेर. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट तुम्ही सांगितलीत. रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले आणि चारच्या सुमाराला धरणी हलली. माहेरची किती माणसं गेली ते तुम्ही एका दमात मोजलं आणि पुढची भाकरी घेतलीत. मग म्हणालात, "पत्र्याच्या शेडमधी होतो समदे. कुणाची चूल, कुणाचं पीठ, कुणाच्या हातची भाकर, कुणी इचारलं न्हाई. खाल्लं आन् जगलो. पुढं पक्की घरं झाली, गल्ल्या झाल्या, आन् मग परत इचाराय लागले." एवढंच. त्यावर तुम्ही काही उपदेश केला नाही, भाकरी तेवढी उलटलीत.

चांगली माणसं अशीच असतात का? "आमच्यात तसलं काही नाही" हे वाक्य मी आजवर पन्नास जणांकडून ऐकलं असेल. तुमच्या तोंडून एकदाही नाही. संविधानाच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता १९५०पासून बंद आहे, हे लेकीनं शाळेत पाठ केलं होतं. ते कलम आमच्या गॅसपाशी मांडी घालून बसलेलं तिनं तुमच्या रूपात पाहिलं.

येळवशीचंही लिहिलं पाहिजे, रानात जाऊन पूजा आणि पंगत करायची ती आपली वेळ अमावस्या. तुमच्या रानात सगळं गणगोत जमणार होतं. तुम्ही आम्हाला बोलावलंत, आणि वर म्हणालात, "भज्जी तू करून आण, माझी यंदा जमणार न्हाई." येळवशीची भज्जी म्हणजे सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भाजी, ती तुम्हाला न जमायला काय झालं होतं! कडब्याच्या कोपीपुढं पांडवांची पूजा झाली, आंबील आली, उंडे आले, आणि तुमच्या जाऊबाईंनी विचारलं, "भज्जी कुणी केलीय?" मी ताटाकडं बघत राहिले. "माझ्या शेजारणीनं," म्हणालात आणि पहिला डाव स्वतःच्या ताटात घेतलात. मग पंगतीत सगळ्यांनी घेतली. दोघीजणी वगळता. त्या दोघींना तुम्ही पुन्हा विचारलं नाही, मला वाईट वाटू नये म्हणून त्यांच्यावर रागावलातही नाही. माझ्याकडं वळून म्हणालात, "उरली तर चांगलंच, रातच्याला खाऊ." ती आपण रात्री खाल्ली. खरंच जास्त छान लागली.

लेकीचा सरकारी मेडिकलला नंबर लागला त्या दिवशी पेढ्याचा पुडा आधी तुमच्या घरी आला हे तुम्ही सगळ्यांना सांगता. त्या पहिल्या घरी पण एक पुडा द्यावा असं नवरा म्हणत होता. लेक नाही म्हणाली आणि मीही तिला आग्रह केला नाही. पेढ्याचं काय होईल याची भीती नव्हती. पण तिला आता तिथं काही सिद्ध करायचं नव्हतं, आणि मला ते फार बरं वाटलं.

परवा तिचा फोन आला होता. हॉस्टेलच्या पोरींनी घरून काय काय आणलं होतं ते सांगत होती. हिच्या डब्यात मी येसर दिला होता. तिनं खोलीतल्या चौघींना विचारलं, "आमच्याकडची आमटी खाणार का?" दार लावून घेतलं का, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. नाही विचारलं. ती म्हणाली, "आई, काकूंना सांग, पातेलं पुसून खाल्लं पोरींनी."

सांगायला आज दिवसभर तुम्हाला शोधतेय, तुम्ही बँकेत गेलात म्हणे. म्हणून हे पत्र तुमच्याआधी दुसरे वाचतील. वाचू देत.

आज हुलग्याचं उरलेलं पीठ काढलंय. डबे बांधले, पण एक पातेलं आणि परात बाहेर ठेवलीय. रस्सा पातळच ठेवीन. सात वाजता या. वाटी आणू नका, तुमची ती कडेला पोचा पडलेली वाटी त्या रात्रीपासून माझ्याकडंच आहे. मी ती परत केली नाही आणि परवा गावाला घेऊन जाणार आहे.

तुमची शेजारीण